थेट संवादी प्रक्षेपण आणि छोट्या शाळा: मुलांचा प्रश्न स्टुडिओपर्यंत कसा पोहोचवावा?

सातपुड्यातील शिक्षिका

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते पाचवीचे वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक अशी आमची रचना आहे. त्यामुळे दिवसातली कोणतीही तासिका घेतली, तरी आम्हा दोघांपैकी प्रत्येकासमोर दोन किंवा तीन इयत्तांची मुले एकत्र बसलेली असतात.

आमच्या केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, काही शाळांना पुढील सत्रापासून गणित आणि इंग्रजी या विषयांच्या तासिका एका मध्यवर्ती स्टुडिओतून उपग्रहामार्फत थेट दाखवण्याचा प्रस्ताव आहे. शाळेत पडदा, कॅमेरा, माइक आणि सौर पॅनेलवर चालणारी बॅटरी बसवली जाईल, स्टुडिओतील तज्ज्ञ शिक्षक शिकवतील आणि मुले त्यांना तिथल्या तिथे प्रश्न विचारू शकतील, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. येत्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या सूचना लेखी द्यायच्या आहेत. मला या योजनेविषयी मनापासून उत्सुकता आहे, कारण पाचवीच्या मुलांना गणितासाठी पूर्ण चाळीस मिनिटे देणे मला आठवड्यातून एखाद्या वेळीच जमते. मात्र आपण काय मागावे हेच नीट ठाऊक नसले, तर सूचनांच्या कागदावर केवळ 'योजना चांगली आहे' एवढेच लिहिले जाईल, ही भीती वाटते.

२०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' ही मालिका आमच्या पाड्यावरील ज्या मोजक्या घरांत दूरचित्रवाणी संच होता, तिथे मुले दाटीवाटीने बसून पाहत असत. तिचा उपयोग झाला. पण एखाद्या मुलाला काही समजले नाही, तर ते विचारायला समोर कोणी नव्हते. आता जे येऊ घातले आहे त्याचे वेगळेपण 'संवादी' या एका शब्दात आहे, म्हणून माझे प्रश्नही त्याच शब्दाभोवतीचे आहेत. एकाच वेळी पुष्कळ शाळा जोडलेल्या असताना माझ्या वर्गातील मुलाचा प्रश्न खरोखर विचारला जाईल का? घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी आणि नवख्या माणसासमोर तोंड न उघडणारी मुले कॅमेऱ्यासमोर बोलतील का? प्रक्षेपण सुरू असताना मी त्या मुलांजवळ बसावे, की तेवढ्या वेळात दुसऱ्या इयत्तांना शिकवावे? आणि शेवटचा प्रश्न असा, की चांगले ध्वनिचित्रमुद्रित पाठ उपलब्ध असताना थेट प्रक्षेपणासाठी एवढा खर्च आणि खटाटोप करणे योग्य आहे का? ज्यांनी अशा कामात भाग घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त तंत्रज्ञ

ताई, आपण नेमक्या शब्दावर बोट ठेवले आहे. उपग्रहाद्वारे चालणाऱ्या वर्गांची यंत्रणा बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी नोकरीच्या काळात केले आहे, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो. ती समजली की काय मागायचे हे आपोआप स्पष्ट होईल.

आपल्या देशात उपग्रहाचा शिक्षणासाठी मोठा प्रयोग प्रथम १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यानंतर इन्सॅट मालिकेचे उपग्रह आले आणि १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. हे सगळे एकमार्गी होते. शाळेकडून स्टुडिओकडे येणारा रस्ता खऱ्या अर्थाने खुला झाला तो एज्युसॅटमुळे. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला हा १,९५० किलो वजनाचा उपग्रह केवळ शिक्षणासाठी बांधलेला होता. तो अवकाशात जाण्यापूर्वी इन्सॅट-३बी या उपग्रहावर ज्या तीन विद्यापीठांत पूर्वचाचणी घेण्यात आली, त्यांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते.

एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे, म्हणजे शाळेत बसवलेले संच, असत. एका प्रकारात शाळेला चित्र आणि आवाज फक्त मिळत असे, तर दुसऱ्या प्रकारात शाळेकडूनही आवाज आणि चित्र पाठवता येत असे. इस्रोच्या आकडेवारीप्रमाणे या उपग्रहाद्वारे एकूण ५६,१६४ शाळा-महाविद्यालये जोडली गेली. त्यांपैकी संवादी केंद्रे ४,९४३ होती आणि उरलेली ५१,२२१ केंद्रे केवळ ग्रहण करणारी होती. म्हणजे शंभरातील नऊपेक्षाही कमी ठिकाणांहून प्रश्न विचारण्याची सोय होती. याचे कारण सरळ आहे. संकेत घेणारी तबकडी आणि पेटी स्वस्त असते, तर संकेत वर पाठवणारे यंत्र महाग असते, त्यासाठी उपग्रहावरील वेगळी क्षमता राखून ठेवावी लागते आणि त्याची देखभालही अधिक असते. म्हणून आपली पहिली लेखी सूचना अशी असावी, की आमच्या शाळेत बसणारे केंद्र कोणत्या प्रकारचे आहे हे स्पष्ट लिहून द्यावे. कॅमेरा आणि माइक बसवले म्हणजे केंद्र संवादी झाले, असे गृहीत धरू नये.

दुसरा मुद्दा वेळेच्या हिशेबाचा आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा तासिका चाळीस मिनिटांची आहे आणि शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवली आहेत. एखादी शाळा जोडून घेणे, मुलाने प्रश्न विचारणे आणि त्याला उत्तर मिळणे यांना घाईघाईने उरकले तरी एक मिनिट लागते. म्हणजे एका तासिकेत दहा शाळा बोलू शकतात. दोनशे शाळा जोडलेल्या असतील, तर आपल्या शाळेची पाळी वीस तासिकांनी येईल. आठवड्याला दोन तासिका असतील, तर दहा आठवड्यांनी एकदा, आणि तीही वर्गातील एकाच मुलाला. हाच हिशेब बारा शाळांसाठी केला, तर जवळजवळ प्रत्येक तासिकेत प्रत्येक शाळेला बोलता येते. यंत्रणा दोन्ही ठिकाणी तीच असते आणि कागदोपत्री दोन्ही योजना संवादीच असतात. त्यामुळे एका तासिकेला किती शाळा जोडणार, हा आकडा परिषदेत आवर्जून विचारावा आणि तो लहान ठेवण्याचा आग्रह धरावा.

आता व्यवहारातल्या अडचणी. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे मुलाने विचारलेला प्रश्न स्टुडिओत पोहोचून उत्तर परत येईपर्यंत केवळ प्रवासातच अर्धा सेकंद जातो, आणि चित्र व आवाज यांवरील संगणकीय प्रक्रियेमुळे तो वेळ आणखी वाढतो. सवय नसलेल्या शिक्षकाला वाटते की मुलाला उत्तर येत नाही, म्हणून तो पुढे बोलू लागतो आणि त्याच क्षणी मुलाचा आवाज येतो. दोघेही थांबतात आणि मूल कायमचे गप्प होते. मी हे असंख्य वेळा पाहिले आहे. शाळांच्या लहान तबकड्यांसाठी वापरली जाणारी केयू पट्ट्यातील लहर जोरदार पावसात क्षीण होते, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात एखाद्या मोठ्या सरीत चित्र गोठणार हे धरूनच चालावे. शिवाय मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे संकेत सूर्याच्या गोंगाटात बुडून जातो. भारतीय उपग्रहांच्या बाबतीत ही वेळ दुपारच्या आसपास, म्हणजे शाळेच्या वेळेतच येते. त्या तारखा आणि वेळा आधी काढता येतात, म्हणून त्या वेळापत्रकात छापून देण्याची मागणी करावी.

सौर पॅनेल असले तरी बॅटरीची मुदत संपते, आणि ती बदलण्याचा खर्च सादिल अनुदानातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून, करायचा की अन्य कोणत्या शीर्षातून, हे पहिल्याच दिवशी ठरलेले असावे. एज्युसॅट २०१० मध्ये सेवेतून निवृत्त झाला. काही राज्यांनी आपली केंद्रे दुसऱ्या उपग्रहांकडे वळवून काम चालू ठेवले. परंतु जिथे देखभालीचा करार संपला होता, तिथल्या शाळांच्या छपरांवर नुसत्या तबकड्या राहिल्या. केरळने मात्र २००५ मध्ये एज्युसॅटवर सुरू केलेली 'व्हिक्टर्स' ही शैक्षणिक वाहिनी पुढे सतत चालवली, आणि २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील मुलांचे वर्ग तिच्यावरूनच भरले.

गणिताचा शिक्षक

मॅडम, मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेला आहे. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक असून काही काळ स्टुडिओतून पाचवी आणि सहावीच्या थेट तासिका घेत होतो. वर तंत्रज्ञ सरांनी शाळांच्या संख्येविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात अध्यापनाच्या अंगाने भर घालतो.

थेट की मुद्रित, हा प्रश्न आधी घेऊ. सुंदर आकृती, प्रयोग, नकाशा, गोष्ट या सर्वांसाठी मुद्रित पाठ अधिक चांगला, कारण तो शांतपणे तयार करता येतो, थांबवून पुन्हा दाखवता येतो आणि त्याला पावसाची भीती नसते. थेट तासिकेचे सामर्थ्य मुलांच्या चुका त्याच क्षणी दिसण्यात आहे. एक उदाहरण देतो. अपूर्णांकांची तुलना शिकवताना मी एक चतुर्थांश आणि एक पंचमांश यांतील मोठा अपूर्णांक पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले. बहुतेक शाळांमधून एक पंचमांश असे उत्तर आले, कारण पाच ही संख्या चारपेक्षा मोठी आहे, असा मुलांचा साधा तर्क होता. त्या दिवशी ठरवलेला पाठ मी बाजूला ठेवला, प्रत्येक वर्गाला दोन सारख्या कागदी पट्ट्या घेऊन एकीचे चार आणि दुसरीचे पाच समान भाग करायला लावले आणि एकेक भाग शेजारी ठेवून पाहायला सांगितले. मुद्रित पाठ हे करू शकत नाही, कारण त्याला समोरच्या पाट्या दिसत नाहीत. ज्या तासिकेत असे काही घडण्याची शक्यताच ठेवलेली नाही, ती थेट दाखवण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरून आपल्या बुजऱ्या मुलांविषयीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. संवाद म्हणजे माइकवर बोलणे, ही समजूत आपण सोडून द्यावी. पाटीवर उत्तर लिहून ती वर धरणे, दोनपैकी एका बाजूचा हात उंचावणे, सर्वांनी एकदम उत्तर म्हणणे, हेही संवादच आहेत आणि त्यांत प्रत्येक मूल भाग घेते. १९७४ मध्ये निकाराग्वा या देशात पहिलीच्या मुलांना नभोवाणीवरून गणित शिकवण्याचा प्रकल्प सुरू झाला. तिथे तर मुलांचा आवाज स्टुडिओपर्यंत जाण्याची सोयच नव्हती. तरीही निवेदक प्रश्न विचारून मोजके सेकंद थांबत असे, मुले मोठ्याने उत्तर देत किंवा वहीत लिहीत आणि मग निवेदक बरोबर उत्तर सांगत असे. त्या मुलांची गणितातील प्रगती इतर वर्गांपेक्षा चांगली असल्याचे दिसून आले आणि पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली. एकमार्गी माध्यमातही मुलाला दर मिनिटाला काहीतरी करायला लावता येते. मग हातात दुहेरी माध्यम असताना पस्तीस मिनिटे व्याख्यान आणि पाच मिनिटे 'काही शंका आहेत का?' अशी तासिका घेणे, ही मुलांवर अन्याय करणारी गोष्ट आहे. 'काही शंका आहेत का?' या प्रश्नाला दहा वर्षांचे मूल कधीच उत्तर देत नाही.

स्टुडिओत किमान दोन माणसे हवीत. एकाने शिकवावे आणि दुसऱ्याने सर्व वर्गांच्या चित्रांकडे लक्ष ठेवून, कोणत्या शाळेत काय चालले आहे हे शिकवणाऱ्याला सांगावे. एकटा माणूस फळा, पडदा आणि बारा वर्ग सांभाळू शकत नाही. ज्या शाळेला बोलवायचे तिचे नाव दोन-तीन मिनिटे आधी सांगावे, म्हणजे तिथल्या बाईंना मुलाला तयार करायला वेळ मिळतो. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजून मगच पुढे बोलावे. आणि पाठटाचण किमान तीन दिवस आधी शाळेत पोहोचलेच पाहिजे, त्यात वर्गातील शिक्षकाने कोणत्या मिनिटाला काय करायचे ते लिहिलेले असावे. मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ॲडलेडहून

मी मूळची साताऱ्याची, गेली बरीच वर्षे दक्षिण ऑस्ट्रेलियात राहते. येथील शिक्षणक्षेत्राशी माझा संबंध असल्यामुळे एक संदर्भ सांगावासा वाटतो.

या देशात 'स्कूल ऑफ द एअर' नावाची शाळा १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे सुरू झाली. ओसाड प्रदेशातील गुराढोरांच्या मळ्यांवर राहणारी मुले एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असत. त्या मळ्यांवर आजारपणात उडत्या डॉक्टरांना बोलावण्यासाठी बिनतारी संच होतेच, त्यांचाच उपयोग मुलांना शिकवण्यासाठी करण्याची कल्पना ॲडलेड मीथके या शिक्षणतज्ज्ञ बाईंची. आरंभी पाठ एकमार्गी होते, पण लवकरच त्यांना प्रश्नोत्तरे जोडली गेली, आणि तेव्हापासून ही शाळा संवादावरच उभी आहे. संचावर एका वेळी एकालाच बोलता येत असे, त्यामुळे आपली पाळी येईपर्यंत ऐकण्याची शिस्त मुलांना आपोआप लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात बिनतारी संचांची जागा उपग्रहाद्वारे मिळणाऱ्या इंटरनेटने घेतली आणि मुलांना शिक्षक दिसू लागले.

आपल्याला उपयोगी पडेल अशी गोष्ट पुढे आहे. येथे प्रत्येक मुलाजवळ घरी एक मार्गदर्शक असतो. बहुधा आई, काही ठिकाणी पगारी ताई. थेट तासिका दिवसाचा लहानसा भाग व्यापते, बाकीचा अभ्यास त्या मार्गदर्शकाबरोबर, पाठवलेल्या साहित्यावर चालतो. शिक्षक वर्षातून एखाद्या वेळी मुलांच्या घरी जातात आणि मुलेही वर्षात काही दिवस एकत्र येऊन आपल्या शिक्षकांना आणि सवंगड्यांना प्रत्यक्ष भेटतात. पडद्यावरचा माणूस एकदा तरी समोर बसून बोललेला असला, की मूल त्याच्याशी पडद्यावरही बोलते. आपल्या केंद्रातील शाळा ऑस्ट्रेलियातील मळ्यांइतक्या दूर नाहीत. स्टुडिओतील शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक शाळेत एकदा यावे, ही मागणी आपण नक्की करावी.

शिक्षण अभ्यासक

वरील सर्व प्रतिसाद मोलाचे आहेत. मात्र ताईंनी विचारलेला एक प्रश्न अजून पुरेसा हाताळला गेलेला नाही, आणि तो माझ्या दृष्टीने संपूर्ण योजनेचा कणा आहे: प्रक्षेपण सुरू असताना वर्गातील शिक्षकाने काय करायचे?

ब्राझीलमधील ॲमेझॉनास हे राज्य महाराष्ट्राच्या पाचपट क्षेत्रफळाचे आहे आणि तिथल्या असंख्य वस्त्यांपर्यंत केवळ नदीतून होडीने जाता येते. माध्यमिक वर्गांसाठी विषयशिक्षक मिळत नसल्यामुळे राज्य सरकारने २००७ मध्ये मनाउस या राजधानीच्या शहरात स्टुडिओ उभारून रोजच्या तासिका उपग्रहाद्वारे थेट देण्यास सुरुवात केली. त्यांच्या रचनेत प्रत्येक दूरच्या वर्गात एक प्रशिक्षित शिक्षक पूर्ण वेळ हजर असतो. स्टुडिओतील विषयतज्ज्ञ संकल्पना मांडतो, नंतर दिलेला उपक्रम वर्गातील शिक्षक मुलांकडून करून घेतो, मुलांच्या शंका गोळा करतो आणि त्या स्टुडिओकडे पाठवतो. घाना या देशातही राजधानी अक्रा येथून खेड्यांतील प्राथमिक शाळांना सौरऊर्जा आणि उपग्रह यांच्या साहाय्याने थेट पाठ दिले गेले. तिथे शाळांची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून परिणाम तपासला, तेव्हा ग्रामीण मुलांचे अंकज्ञान आणि पायाभूत वाचनकौशल्ये यांत लक्षणीय सुधारणा आढळली, पण हजेरीत फरक आढळला नाही. अभ्यासकांनी याचा अर्थ असा लावला, की शिकण्याचा वेळ वाढला नव्हता, शिकवण्याची गुणवत्ता सुधारली होती. म्हणजे पडद्याच्या ओढीने मुले शाळेत जास्त येतील ही अपेक्षा ठेवू नये, पण आलेल्या मुलांना चांगले शिकवले तर ती शिकतात.

म्हणून माझे उत्तर असे आहे, की आपण त्याच मुलांजवळ बसावे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असतात आणि बहुवर्ग अध्यापनाचा भार दोघांवर असतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे पडदा चालू करून दुसऱ्या खोलीत जाण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो टाळता यावा म्हणून प्रक्षेपणाच्या वेळी इतर इयत्तांसाठी स्वाध्याय किंवा दुसऱ्या शिक्षकाकडे एकत्रित वर्ग अशी व्यवस्था वेळापत्रकातच करावी लागेल, आणि आठवड्याच्या तासिकांची संख्या त्या व्यवस्थेला पेलेल एवढीच ठेवावी लागेल.

याच्याच जोडीला एक गंभीर बाब नोंदवतो. पटसंख्या कमी असलेल्या शाळांविषयी निर्णय घेताना 'तिथे आता थेट तासिका आहेत' असे कारण पुढे करून रिक्त पद न भरण्याचा विचार उद्या कोणी मांडू शकतो. आपल्या सूचनांत एक वाक्य ठामपणे असावे: ही सोय मंजूर शिक्षकपदांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातही ते नोंदवून घ्यावे.

सातपुड्यातील शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. केंद्रातील आणखी काही शिक्षकांना मी हे प्रतिसाद वाचून दाखवले आणि आम्ही मिळून मसुदा तयार करायला घेतला आहे. एका तासिकेला बारापेक्षा अधिक शाळा नसाव्यात, शाळेत बसणारे उपग्रह केंद्र दोन्ही दिशांनी चालणारे असावे, पाठटाचण तीन दिवस आधी मिळावे, बॅटरी बदलण्याच्या खर्चाचे शीर्ष लेखी कळवावे, स्टुडिओतील शिक्षकांनी सत्रारंभी शाळेला भेट द्यावी आणि शिक्षकपदांना धक्का लागू नये, एवढे मुद्दे नक्की झाले आहेत. माझे सहकारी पहिली-दुसरीला थेट तासिकांतून पूर्णपणे वगळावे या मताचे आहेत आणि मलाही ते पटते. चौथी-पाचवीसाठी आठवड्याला गणिताच्या दोन तासिका घेऊन सुरुवात करावी, असे आम्ही सुचवणार आहोत. पावसाने चित्र गोठले तर त्याच पाठाचे मुद्रित रूप शाळेतील पेनड्राइव्हवर आधीच असावे, ही सूचना केंद्रातील एका तरुण शिक्षकाने केली. तीही घेत आहोत.

एक अडचण मात्र उरते. पाचवीपर्यंत पोहोचलेल्या माझ्या मुलांना मराठी चांगले समजते, पण विचार करताना आणि आपसात बोलताना ती पावरीच वापरतात. गट करून चर्चा करायला सांगितले की चर्चा पावरीत होते आणि उत्तर मराठीत द्यायची वेळ आली की ती अडखळतात. स्टुडिओतील शिक्षकाला ही भाषा येणे अपेक्षित नाही. अशा वेळी काय करावे?

गणिताचा शिक्षक

मॅडम, चर्चा पावरीतच होऊ द्यावी. प्रत्येक प्रश्नानंतर दीड-दोन मिनिटे ध्वनी बंद ठेवून वर्गात बोलण्यासाठी राखून ठेवा, असे पाठटाचणातच लिहून घ्या. त्या वेळात मुले आपल्या भाषेत भांडतील, पटवतील, आणि उत्तर पाटीवर अंकांत किंवा आकृतीत लिहितील. ते वाचायला मला पावरी येण्याची गरज नाही. एखाद्या गटाने वेगळी रीत वापरली असेल, तर ती आपण किंवा एखाद्या मोठ्या मुलाने मराठीत सांगावी. मुलाने पावरीत सांगितले आणि आपण लगेच त्याचे मराठी केले, तरीही चालेल. स्टुडिओतील शिक्षकाने मात्र त्या वेळी घाई न करता पूर्ण ऐकून घेतले पाहिजे, आणि इतर अकरा शाळांतील मुलांनीही ते ऐकावे, कारण त्यांपैकी काहींच्या घरी भिली किंवा अहिराणी बोलली जात असेल आणि आपल्याही भाषेत असे सांगता येते, हे त्यांना तिथे कळेल.

पहिल्या दोन तासिकांत कोणताही नवा घटक घेऊ नये, एवढे आणखी मसुद्यात घाला. त्या वेळात प्रत्येक शाळेने आपले नाव, गाव आणि वर्गातील मुलांची ओळख करून द्यावी, पाटी कॅमेऱ्यासमोर किती अंतरावर धरली की अक्षर दिसते ते पाहावे, आणि स्टुडिओतील शिक्षकाने प्रत्येक वर्गातील किमान एका मुलाला नावाने हाक मारावी.

निवृत्त तंत्रज्ञ

पाटीसंबंधी एक तांत्रिक सूचना. खडूची बारीक रेघ साध्या कॅमेऱ्यातून दिसत नाही आणि चित्राचा दर्जा घसरला की ती पूर्णच पुसली जाते. पांढऱ्या फळीवर जाड काळ्या मार्करने लिहिलेले अंक कमी दर्जाच्या चित्रातही वाचता येतात. कॅमेरा खिडकीकडे तोंड करून बसवू देऊ नका, कारण मागून उजेड आला की मुलांचे चेहरे काळे दिसतात. यंत्रणा बसवायला माणसे येतील त्या दिवशी आपण स्वतः शाळेत हजर राहा, मुलांना त्यांच्या रोजच्या जागी बसवा आणि स्टुडिओतून शेवटच्या रांगेतली फळी वाचून दाखवली गेल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करू नका.